टकल्या मेडिकलवाल्याचे केसांविषयी चार शब्द

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. दुकान बंद करून, जेवून लिहायला बसलोय. इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

मालवण तालुक्यातल्या एका गावच्या बाजारात माझं औषधाचं दुकान आहे. सतरा वर्षं झाली. माझं स्वतःचं डोकं पस्तिशीतच मोकळं झालं, वडिलांसारखं. त्यामुळे केसांचं तेल मागायला येणारं गिऱ्हाईक आधी माझ्या डोक्याकडे बघतं आणि मग बाटलीकडे. एका आजीने तर भर दुकानात विचारलं होतं, "रे झिला, ह्या त्याल इतक्या चांगला आसा, तर तू कित्याक लावणस नाय?" सगळे हसले. मीही हसलो आणि बाटली पिशवीत घालून दिली. आजीचा प्रश्न बरोबर होता. मी उत्तर दिलं नाही, कारण त्या बाटलीवर मला बरे पैसे सुटत होते. आजी आता नाहीत. हे उत्तर उशिराचं आहे.

लिहायला कारण घडलं ते असं.

महिन्याभरापूर्वी आमच्या भागातला एक पोरगा दुपारच्या वेळी दुकानात आला. वय सत्तावीस. वडिलांची होडी आहे, हा सीझनला पर्यटकांना स्कुबाला घेऊन जातो. टोपी कपाळावर ओढलेली. दुकानात कोणी नाही बघून टोपी काढली. पुढच्या बाजूला बारीक बारीक ठिपके, मधे दोन-तीन ठिकाणी पू, वास येत होता. म्हणाला, "काका, ह्याच्यावर काय लावूचा?"

विचारलं, कुठे केलंस? एका मोठ्या शहराचं नाव सांगितलं. लग्न बघताहेत, दोन ठिकाणी मुलीकडच्यांनी केसांवरून नकार दिला. मोबाईलवर जाहिरात आली. फोन केला तर 'आजच पैसे भरलेत तर सूट' म्हणाले. पंच्याऐंशी हजार, अठरा हप्त्यांत. कागदपत्रं फोनवरच झाली.

"डॉक्टर कोण होते?"

"सर होते."

"सर म्हणजे डॉक्टर ना?"

"सगळे त्यांका सरच म्हणत होते."

सोबत आणलेल्या औषधाच्या कागदावर छापील नाव होतं ते दुकानाचं. डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, सहीच्या जागी एक रेघ. असा कागद घेऊन अँटिबायोटिक देणं माझ्या धंद्यात बसत नाही. त्याला गाडीवर बसवून ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. वेळेवर गेला म्हणून निभावलं. पण खरी गोष्ट त्याला तिथे पहिल्यांदा कळली. पुढे लावलेले केस कदाचित राहतील, पण त्यांच्या मागचे त्याचे मूळचे केस जायचे ते जातच राहणार. हे त्याला पंच्याऐंशी हजार घेणाऱ्यांनी सांगितलंच नव्हतं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मधी बेट आणि मागे पाणी?" समुद्रावरचा पोरगा, त्याला समजायला वेळ लागला नाही.

हे मी त्याची परवानगी घेऊन लिहितोय. ओळखायला जाऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, एवढे मोठे प्रश्न पडलेत जिल्ह्यात आणि हा केसांवर काय लिहितोय. हेच आपण बुलढाण्याच्या वेळीही म्हटलं होतं. आठवतंय?

२०२४ च्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांची डोकी खाजायला लागली. दोन-तीन दिवसांत केस हातात यायला लागले आणि आठवड्याच्या आत माणूस टकला. लहान मुलं, बायका, म्हातारे, कोणी सुटलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये ती बातमी देशभर गेली. त्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय फिरत होतं? विनोद. 'टकलांचं गाव'. मीही दोन पुढे पाठवले, मान्य करतो. आधी शाम्पूवर संशय घेतला गेला, मग पाण्यावर, मग बुरशीवर. 'कसले तरी स्वस्तातले शाम्पू वापरत असणार' हे तर आपण शेकडो किलोमीटरवर बसून ठरवून टाकलं. तिकडे मुलींनी शाळा-कॉलेजात जाणं बंद केलं, जुळत आलेली लग्नं अडली, अर्धवट केस राहिलेल्या लोकांनी लाजेने सगळंच डोकं भादरून घेतलं.

आयसीएमआरची पथकं आली, रक्त, केस, पाणी, माती यांचे नमुने घेऊन गेली. त्याच सुमारास आपल्या कोकणातले एक डॉक्टर तिकडे लक्ष घालत होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणातल्या जुन्या माणसांना हे नाव सांगावं लागत नाही. लाल विंचू चावला की पूर्वी धडधाकट माणूस रात्रीत जायचा. त्यावर रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध चालतं हे त्यांनी खेड्यातल्या दवाखान्यात काम करता करता दाखवून दिलं आणि ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तर या बावस्करांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून त्या गावांतले नमुने तपासून घेतले आणि सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्यांनी सांगितलेला आकडा १८ गावांतल्या २७९ जणांचा होता. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कितीतरी पट जास्त, जस्त कमी, आणि संशय रेशनवर आलेल्या पंजाब-हरयाणाकडच्या गव्हावर. त्या गव्हातलं सेलेनियम स्थानिक गव्हाच्या सहाशे पट असल्याचं त्यांचं म्हणणं. सरकारी यंत्रणेने त्यावर लगेच शिक्कामोर्तब केलं नाही, वादही झाले. पण एप्रिलमध्ये त्याच भागातल्या लोकांची नखं खराब होऊन गळायला लागली. सेलेनियम जास्त झालं की केस आणि नखं दोन्ही जातात, हे वैद्यकशास्त्रात पूर्वीपासून लिहिलेलं आहे.

सेलेनियम शरीराला लागतं, पण चिमूटभराच्याही हजाराव्या भागाइतकं. मोठ्या माणसाला दिवसाला पन्नास-पंचावन्न मायक्रोग्रॅम पुरतं. त्याच्या कितीतरी पट रोज पोटात गेलं की ते विष होतं. गंमत बघा, केस वाढवायच्या म्हणून ज्या रंगीत गोळ्या मी विकतो, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत सेलेनियम असतं. ते प्रमाणात असतं, पण लोक दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकदम घेतात. दुप्पट घेतलं की दुप्पट केस, असा हिशोब. तो हिशोब उलटा जाऊ शकतो.

बुलढाण्यातून मी घेतलेला धडा एवढाच की केस जाणं हे कधी कधी पोटात काय गेलं, रक्तात काय कमी पडलं, याची चिठ्ठी असते. चिठ्ठी वाचायच्या आधी आपण हसलो, आणि हसण्यात दिवस गेले.

आपल्याकडे अशा चिठ्ठ्या रोज येतात. माझ्या काउंटरवर येतात.

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास केसांच्या तेलाची मागणी एकदम वाढते. पहिली काही वर्षं मला वाटायचं सणाची खरेदी असेल. मग लक्षात आलं की त्यातली बरीच माणसं तीच असतात जी पावसात माझ्याकडून तापाची औषधं नेत होती. लावणीच्या वेळी चिखलात उभं राहून लेप्टो झालेली, डेंग्यू झालेली, टायफॉइड झालेली. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस जातात. बाळंतपणानंतर जातात, ऑपरेशननंतर जातात, कोविडनंतर तर घरोघरी गेले. याचं कारण साधं आहे. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, त्यातले बहुतेक वाढत असतात आणि थोडे विश्रांतीला बसलेले असतात. विश्रांतीवरचे रोज पन्नास-शंभर गळतात, ते सगळ्यांचेच गळतात. आजाराचा मोठा धक्का बसला की शरीर खूपशा केसांना एकदम विश्रांतीवर पाठवतं, आणि ते सगळे दोन-तीन महिन्यांनी एकदम उतरतात. तोपर्यंत ताप कोणाच्या लक्षातही नसतो. म्हणून दोष जातो पाण्याला, साबणाला, दृष्टीला.

हे केस सहसा आपोआप परत येतात. चार-सहा महिने जातात. महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढ, त्यामुळे पूर्वीसारखी वेणी व्हायला दोन वर्षं लागतात, पण मूळ मेलेलं नसतं. आणि या सहा महिन्यांत माणसाने जे काही लावलं असेल त्याला श्रेय मिळतं. एका ताईने लेप्टोतून उठल्यावर डोक्यात स्वतःचंच रक्त टोचून घ्यायचे सहा डोस घेतले, एकेकाला पाच हजार. केस आले. ती आता सगळ्यांना तिथे पाठवते. तिला मी कसं सांगू की तीस हजार वाचले असते तरी केस आलेच असते? सांगून बघितलं. तिने माझ्या डोक्याकडे बघितलं. विषय संपला.

दुसरी चिठ्ठी याहून मोठी. बायका येतात, "भावजी, भांग रुंद होता हा, काय तरी चांगला देवा." मी आता पहिला प्रश्न विचारतो, जिना चढताना धाप लागते का? पाळी जास्त जाते का? कच्चे तांदूळ, माती खावीशी वाटते का? दहातल्या निम्म्या जणी मान डोलावतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ५४ टक्क्यांना रक्तक्षय निघाला होता. निम्म्याहून जास्त. ही त्यातलीच. हिला लागणारी लोहाची गोळी आरोग्य उपकेंद्रात फुकट आहे, हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आणि ही माझ्याकडे सहाशे रुपयांची बाटली मागतेय. गेल्या वर्षी एकीला तेल न देता तपासायला पाठवलं तर हिमोग्लोबिन सात निघालं. मासे घरात रोज शिजतात. पण बाजारात जाईल ते जातं, घरात पोरांना आणि पुरुषांना वाढून उरेल ते तिच्या ताटात. अबोलीचा वळेसर माळायला केसच उरले नाहीत म्हणून ती दुकानात आली. अंगात रक्त उरलं नाही म्हणून कधीच आली नव्हती. तशीच थायरॉइडची गोष्ट. थकवा, वजन, बद्धकोष्ठ यासाठी बाई डॉक्टरकडे जात नाही, केसांसाठी जाते. मग त्या निमित्ताने तरी तपासा ना तिला नीट.

तिसरी चिठ्ठी म्हणजे चाई. डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत गोल. आपल्याकडे म्हणतात किड्याने खाल्लं. मग लसूण घासा, कांदा घासा, कोणीतरी सांगितलेली मुळी उगाळून लावा. दहा वर्षांच्या पोराचं डोकं लसणाने भाजून फोड आलेलं मी बघितलंय. किडा-बिडा काही नसतो. आपलीच रोगप्रतिकारशक्ती चुकून केसांच्या मुळांवर उठते. छोटा गोल असेल तर बऱ्याच जणांचा वर्षभरात आपोआप भरतो, नाहीतर त्वचारोगतज्ज्ञ त्या जागेत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, ते काही महाग औषध नाही. सगळं डोकं, भुवया जाण्याइतका आजार वाढला तर त्यावरही २०२२ पासून बॅरिसिटिनिबसारखी नवी औषधं मान्य झाली आहेत, ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची. आणि लहान मुलाच्या डोक्यात खपली, खाज आणि तुटके केस असतील तर ती चाई नसून बुरशी असू शकते. तिला पोटात गोळी लागते. वरून मिक्स मलम चोपडलं तर ती आतून वाढते. फरक कोण सांगणार? मी नाही सांगू शकत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही.

आणि चौथा प्रकार माझ्या स्वतःचा. आईबापाकडून आलेलं टक्कल. यात शरीर बिघडलेलं नसतं. पुरुषी संप्रेरकापासून बनणारा एक पदार्थ डोक्याच्या पुढच्या आणि माथ्यावरच्या मुळांना हळूहळू बारीक करत जातो. तेलाने तो थांबत नाही. माका, जास्वंद, ब्राह्मी घालून आई जे खोबरेल करायची ते मी अजून लावतो. वास चांगला, झोप चांगली, केस मऊ. पण त्याने गेलेले केस येत नाहीत. खाऱ्या पाण्याचंही तसंच. देवबाग-तारकर्लीकडच्या लोकांना वाटतं विहिरीचं पाणी मचूळ म्हणून केस जातात. खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात. पण मूळ जात नाही. तसं असतं तर आमचे सगळे रापणकर विशीतच टकले झाले असते.

या चौथ्या प्रकारावर ज्यांचा खरा पुरावा आहे अशी औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक मिनॉक्सिडिल. हेही मुळात रक्तदाबाचंच औषध, प्राझोसिनसारखं. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून त्याचं डोक्याला लावायचं औषध झालं, १९८८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हे विकताना मी काय काय सांगतो ते लिहून ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, घाबरून सोडू नका. चार-सहा महिन्यांआधी निकाल लागत नाही. चालू आहे तोवर फायदा, बंद केलं की काही महिन्यांत होतं तिथे परत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने लावू नये. आणि आपल्या घरोघरी मांजरं आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, मांजराला हे विष आहे. लावलेलं डोकं किंवा उशी मांजराने चाटली तरी ते दगावू शकतं.

दुसरं फिनास्टेराइड. प्रोस्टेटसाठी आलेलं औषध, १९९७ मध्ये एक मिलिग्रॅमची गोळी केसांसाठी मान्य झाली. काम करतं, विशेषतः असलेले केस टिकवायला. पण शंभरात दोन-चार पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने, या गोळीने मनात आत्महत्येचे विचार येऊ शकतात, असा इशारा पक्का केला. मन खचल्यासारखं वाटलं तर गोळी थांबवून डॉक्टरला गाठायचं. गरोदर बाईने फुटलेली गोळी हातातही धरू नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. पन्नाशीपुढच्या माणसाने प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगितलंच पाहिजे, कारण तिने तो आकडा निम्म्यावर येतो आणि कॅन्सर लपू शकतो. हे सगळं ज्या गोळीबद्दल सांगावं लागतं ती गोळी पोरं मोबाईलवर चार प्रश्नांची उत्तरं देऊन घरपोच मागवतात. मित्राच्या नावाने, नाक्यावर.

तिसरं केशरोपण. ते खरं आहे, होतं, चांगल्या हातात चांगलं होतं. पण त्याने नवा केस जन्माला येत नाही. डोक्याच्या मागचे टिकाऊ केस उपटून पुढे लावायचे, भाताचं रोप तरव्यातून काढून लावतो तसं. तरवा संपला की संपला. आणि ती शस्त्रक्रिया आहे, सलून नाही. तासन्‌तास भुलीचं औषध टोचत राहतात, त्याला मर्यादा असते. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका धडधाकट व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोनेक दिवसांत जीव गेला, एका बैठकीत नऊ हजारांवर केस लावले होते. २०२५ मध्ये कानपूरमध्ये दोन इंजिनियर पोरांच्या मृत्यूचं प्रकरण बाहेर आलं, त्यात गुन्हा दाखल झाला तो दंतवैद्यकावर. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगून ठेवलंय की हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचं, कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. आयोगाला यूट्यूबचं नाव घेऊन लिहावं लागलं, यावरून काय चाललंय ते समजा.

कायदा तर त्याहून जुना आहे. १९४५ च्या औषध नियमांत शेड्यूल जे नावाची एक यादी आहे. कोणत्या आजारांवर 'बरं करतो' असा दावा औषधाने करायचा नाही, त्याची ती यादी. त्यात कॅन्सर आहे, एड्स आहे आणि टक्कलही आहे. नवीन केस उगवणंही आहे. आता जत्रेतले स्टॉल, एसटी स्टँडासमोरचे फलक आणि मोबाईल उघडून बघा. वाट काढलेली असते. 'औषध' म्हणायचं नाही, 'निगा' म्हणायचं. फोटो मात्र आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत डोक्यावर उजेड मारलेला, नंतरच्यात केस ओले करून विंचरलेले. एवढं मला काउंटरमागून दिसतं, ते अधिकाऱ्यांना दिसत नसेल असं मला वाटत नाही.

'मग तू का विकतोस?' विचारा, विचारायलाच पाहिजे. विकतो, कारण मी नाही विकलं तर समोरचा विकेल. हे उत्तर मी सतरा वर्षं स्वतःला देत होतो, आणि आता ते द्यायचा कंटाळा आलाय. साध्या खोबरेलावर मला रुपया-दोन रुपये सुटतात, त्या सहाशेच्या बाटलीवर दीडशे. म्हणून ती बाटली डोळ्यांसमोरच्या फळीवर आणि लोहाच्या गोळ्या खालच्या खणात. परवा मी फळ्या बदलल्या. केस उगवण्याचा दावा छापलेला माल यापुढे ठेवणार नाही. धंदा किती कमी होतो ते वर्षाने इथेच लिहीन. बायको म्हणाली, "तुमका आता सुचला?" हो, आता सुचलं.

पण एका मेडिकलवाल्याने फळी बदलून जिल्हा बदलत नाही. लोक तेलवाल्याकडे आणि 'सरां'कडे जातात कारण डॉक्टरकडे जायची सोय नाही. केस गळतात म्हणून कोण मालवणातून ओरोसला जाणार, दिवसाची मजुरी बुडवून? गेला तर त्या दिवशी त्वचेचे डॉक्टर भेटतील याची खात्री कोण देणार? गंभीर दुखण्याला आपण बांबोळी गाठतो, पिढ्यान्‌पिढ्या गाठत आलो. केसांसाठी कोणी बांबोळीला जात नाही. म्हणून शहरातून गाडी घेऊन येणारे 'हेअर कॅम्प'वाले हॉल भाड्याने घेतात आणि रविवारी शंभर माणसं रांगेत उभी राहतात. त्या रांगेतल्या किती जणांना रक्तक्षय असेल, किती जणींना थायरॉइड असेल? तिथे कोणाचं बोट टोचून रक्त बघितलं जात नाही. कार्ड मात्र लगेच घासलं जातं.

मी मागतोय ते फार नाही.

आता आपल्या जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, ओरोसला. तिथल्या त्वचारोग विभागाचा एक डॉक्टर ठरलेल्या वारी प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात बसावा. महिन्यातून दोनदा तरी. वार फलकावर लिहा आणि तो पाळा.

केसांची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन तिथल्या तिथे बघावं. 'केस काय, जातात येतात' म्हणून परत पाठवू नये. आशाताईंना हे एकदा समजावून सांगितलं तर त्या घरोघरी पोचवतील.

एका वाडीत एकाच वेळी चार-पाच जणांचे केस जायला लागले तर ती बातमी ग्रुपवर न टाकता आरोग्य केंद्राला द्यावी, आणि केंद्राने ती साथीसारखी नोंदवावी. पाणी, धान्य, दोन्ही तपासावं. बुलढाण्याला पहिल्या दिवशी हे झालं असतं तर नखांपर्यंत गोष्ट गेली असती की नाही, विचार करा.

आणि औषध प्रशासनाने कॅम्पच्या हॉलमध्ये एखाद्या रविवारी साध्या कपड्यात येऊन बसावं. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारावा. एवढंच. बाकी आपोआप होईल.

पुढच्या ग्रामसभेत मी पहिल्या दोन मागण्यांचा अर्ज देणार आहे. हसतील, माहीत आहे. टकलो केसांचा अर्ज घेऊन इलो म्हणतील. हसू देत. बाकीच्या गावांतून असे अर्ज गेले तर हसणं थांबेल.

शेवटचं, लग्न जुळवणाऱ्यांना. मुलाला व्यसन आहे का, कर्ज आहे का, तो आईशी कसा बोलतो, हे विचारा. केस विचारू नका. केस विचारलेत म्हणून त्या पोराच्या डोक्यावर आता कर्ज आहे, आणि ते फिटेपर्यंत तरी त्याचं लग्न होत नाही. तुमची मुलगी ज्याला टकला म्हणून नाकारता, तो निदान खरं डोकं दाखवतोय.

तो पोरगा काल आला होता. जखम भरलीय. टोपी घातली नव्हती. हप्त्यांचे तेरा महिने राहिलेत. मी त्याला म्हटलं, मिनॉक्सिडिल हवं तर डॉक्टरला विचारून देतो. म्हणाला, "काका, आधी हप्ते फेडूंदे. मगे बघया."

ही पोस्ट शेअर करायला विचारायची गरज नाही. कोणाच्या केसांची तक्रार असेल तर कृपया कमेंटमध्ये फोटो टाकून औषध विचारू नका. मी सांगणार नाही. तपासून या, चिठ्ठी घेऊन या, मग दुकान तुमचंच आहे.